अकरा मारुतींची पायवाट

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत विखुरलेले समर्थ रामदासांचे अकरा मारुती आज बहुतेक जण एका दिवसात उरकतात. पहाटे कऱ्हाड सोडायचं आणि दिवेलागणीपर्यंत अकराही देवळांच्या पायऱ्यांना हात लावून परतायचं. दर्शन होतं, पाहणं मात्र राहून जातं. ही देवळं ज्याने उभारली तो माणूस आयुष्यभर पायी हिंडला होता, आणि त्यांचं देखणेपणही पायी येणाऱ्यालाच नीट दिसतं.

रामदासांचा (1608–1681) जन्म मराठवाड्यातल्या जांबचा. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तपश्चर्या, पुढे सुमारे तितकीच वर्षं देशभर तीर्थाटन आणि मग कृष्णाखोऱ्यात वास्तव्य, असा त्यांचा क्रम परंपरा सांगते. भिक्षेच्या निमित्ताने गावं, घरं हिंडावीत आणि लहानथोर माणसं पारखून घ्यावीत, असा सल्ला त्यांनी दासबोधात दिला आहे. झोळी घेऊन दारोदार थांबणाऱ्याला घाई चालत नाही. कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय, कुठल्या विहिरीवर बायका जास्त वेळ रेंगाळतात, हे त्याच्या नजरेतून सुटत नसणार. हे मारुती कुठे बसवले ते पाहिलं की ती नजर कळते. 1645 ते 1655च्या सुमारास कुठे वेशीवर, कुठे टेकाडावर, तर कुठे थेट नदीच्या पात्रात मारुती उभे राहिले.

माजगावचीच गोष्ट घ्या. गावाच्या वेशीवर घोड्याच्या आकाराचा एक मोठा धोंडा होता आणि लोक त्यालाच ग्रामरक्षक मारुती मानून पुजत. त्या पाषाणावरच रामदासांनी मूर्ती कोरवून घेतली, असं सांगतात. लोकांनी जे आधीच जपलं होतं, त्यालाच त्यांनी रूप दिलं. एवढी साधी आणि एवढी सुंदर कृती क्वचितच आढळते.

काही मूर्ती तर दगडाच्याही नाहीत. मसूरचा मारुती चुन्याचा. कऱ्हाड-मसूर भागातल्या शहापूरच्या मारुतीला ‘चुन्याचा मारुती’ असंच नाव पडलं आहे. उंब्रजच्या मूर्तीत चुना, वाळू आणि ताग आहे. ज्या चुन्याने वाडे आणि विहिरी बांधल्या जात, तोच इथे देवासाठी वापरला गेला. तागाचे धागे चुन्याला धरून ठेवतात, भेगा पडू देत नाहीत. त्यावर पिढ्यान् पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर चढत आला. पुटांवर पुटं चढली की कडा बोथट होतात, बोटं एकमेकांत मिसळतात, डोळे तेवढे ठळक राहतात. शनिवारी गळ्यात रुईच्या पानांची माळ पडते आणि त्या राखट हिरव्या पानांशेजारी शेंदूर अधिकच पेटतो. हे पाहायला गाभाऱ्यासमोर नुसतं बसून राहावं लागतं.

बत्तीस शिराळ्याला तर वेळही साधावी लागते. तिथली मूर्ती सुमारे सात फूट उंच आणि उत्तराभिमुख आहे. देवळाच्या भिंतींत पूर्वेला नि पश्चिमेला झरोके ठेवले आहेत. सूर्य उगवताना आणि मावळताना उजेड मारुतीच्या चेहऱ्यावर यावा, अशी ती योजना. दुपारी बारा वाजता गाडीतून उतरणाऱ्याला ते झरोके म्हणजे भिंतीतली भोकंच वाटणार.

वाळवा तालुक्यातल्या बहे गावाला कृष्णेच्या दोन प्रवाहांमध्ये बेट आहे, त्यावर रामलिंगाचं देऊळ आणि तिथेच मारुती. नदीला पाणी चढलं की तिथे जाण्याचा विचार सोडून द्यावा लागतो. उरलेल्यांपैकी मनपाडळे आणि पारगाव कोल्हापूर जिल्ह्यात. पारगावचा मारुती जेमतेम दीड फुटाचा. अकराही गावांची नावं ओवणारा अभंग वेणाबाईंच्या नावावर आहे. रामदासांच्या या शिष्येचा मठ मिरजेत आहे.

चाफळला दोन मारुती. राममंदिरासमोर हात जोडून उभा असलेला दास मारुती आणि मंदिरामागचा प्रताप मारुती. 11 डिसेंबर 1967च्या कोयना भूकंपात चाफळच्या राममंदिराची हानी झाली आणि पुढे ते नव्याने बांधलं गेलं. दास मारुतीचं छोटेखानी देऊळ मात्र त्या हादऱ्यातही टिकलं. रामदासांच्या काळातलं बांधकाम डोळ्यांनी पाहायचं असेल तर नव्या मंदिराच्या भव्यतेकडे पाठ करून इथे थांबायला हवं.

चाफळ, शिंगणवाडी आणि माजगाव ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की ती अजूनही पायी जोडता येतात. शिंगणवाडीचा मारुती टेकडीवर, लहानशा देवळात आहे आणि जवळच रामघळ आहे. सकाळी चाफळहून निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत माजगावची वेस गाठता येते, तीही वाटेत हवं तिथे, हवं तितकं थांबून.