गाळ कोणी काढायचा?

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागले की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै येते. ‘सिपकॉट’ची औद्योगिक वसाहत, १९९८मध्ये सँट्रो बाहेर काढणारा ह्युंदाईचा कारखाना, मोटारशर्यतींचा ट्रॅक. चाकणहून बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला इथे फारसे परके वाटू नये. पण नकाशावरचे रस्ते आणि कारखाने पुसून फक्त पाणी ठेवले, तर हाच मुलूख निराळा दिसतो. श्रीपेरुंबुदूर, पिल्लैपाक्कम, मणिमंगलम अशा तलावांची, म्हणजे इथल्या भाषेत ‘एरीं’ची, दाटी आहे. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्याकडे निघते. पूर्वेला साडेतीन टीएमसीहून जास्त पाणी मावणारा चेंबरंबाक्कम आहे. पालार नदीचे पाणी श्रीपेरुंबुदूरपर्यंत आणणारा कंबन कालवा पल्लवकालीन मानला जातो.

असा कालवा कोणी बांधला, हे इतिहासाची पुस्तके सांगतात. तलाव-कालवे राखण्याच्या विषयात शिरणाऱ्याने मात्र दुसराच प्रश्न घेऊन यावे: पुढची हजार वर्षे त्यातला गाळ कोणी काढला? बांधणाऱ्याच्या वाट्याला शिलालेख येतो, गाळ काढणाऱ्याच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही.

बहुधा म्हणायचे, कारण एक ठळक अपवाद याच कांचीपुरम परिसरात आहे. उत्तिरमेरूरच्या मंदिराच्या भिंतींवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इ.स. ९१९ आणि ९२१चे लेख आहेत. ते सहसा लोकशाहीच्या कौतुकापुरते वाचले जातात. घड्यात चिठ्ठ्या टाकून ग्रामसभेच्या समित्या निवडत, त्यांतली एक सहा जणांची, खास तलावासाठी. वय पस्तीस ते सत्तर. गेल्या तीन वर्षांत समितीवर बसलेला बाद. हिशेब न दिलेला बाद, आणि त्याचे नातेवाईकही बाद. आजच्या कुठल्याही सोसायटीने उचलावीत अशी ही कलमे आहेत. पण त्याच लेखात करपात्र जमिनीचीही अट आहे. पाण्याचा कारभार जमीनदाराकडे होता. प्रत्यक्ष मोरी उघडणारा ‘नीरकट्टी’ बऱ्याच गावांत दलित असे आणि त्याला धान्याचा वाटा मिळे. गावाच्या एकोप्याची गोष्ट सांगताना हा भाग गाळला, तर अभ्यासाचा कीर्तनसोहळा होतो.

गावाने मिळून तलाव आणि कालवे राखायच्या तमिळ रीतीला ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात. आज वर्तमानपत्रे तिला ‘श्रमदान’ म्हणून मोकळी होतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. ते दान नव्हते. ज्याच्या शेताला जितके पाणी, त्याने तितके हात पाठवायचे, असा तो हिशेब होता. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा-मोसमच्या काठी फड पद्धतीत हेच दिसते. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटावर फड, म्हणजे शेतांचे गट, एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाट साफ करायला लाभधारकांनी यायचे, कारण पाणीही त्यांनाच घ्यायचे होते.

पाणी आणि श्रम यांची ही गाठ सुटली कशी, हा या अभ्यासातला सर्वांत रंजक आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे. सरकारने मद्रास इलाख्यासाठी १८५८मध्ये सक्तीच्या श्रमाचा कायदा केला. जे रिवाजाने चालत होते ते कायद्याच्या बडग्याने चालवू पाहिले. विदर्भात निराळे घडले. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, ज्यांना लोक आता ‘मामा तलाव’ म्हणतात, १९५०नंतर मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले. तलाव सरकारचा झाल्यावर गाळही सरकारचाच झाला. मार्च २०१७मध्ये तमिळनाडू सरकारने कुडिमरामत्तु योजना म्हणून पुन्हा सुरू केली, तीही इरुंगाट्टुकोट्टैपासून फार दूर नसलेल्या मणिमंगलमच्या तलावावर. लाभधारक शेतकऱ्यांनी खर्चाचा दहावा हिस्सा श्रम, साहित्य किंवा पैशाने उचलायचा, असे ठरले.

आजचा स्वयंसेवक या हिशेबात बसत नाही. त्याचे शेत नाही, आणि त्याच्या नळाला येणारे पाणी कुठून येते हेही त्याला अनेकदा माहीत नसते. १ डिसेंबर २०१५ला चेंबरंबाक्कममधून २९ हजार क्युसेक पाणी सुटले, अड्यार नदीकाठची वस्ती बुडाली आणि तलावाशी आपला संबंध आहे हे शहराला कळले. चेन्नईत अरुण कृष्णमूर्ती यांच्या ‘एन्व्हायर्नमेंटलिस्ट फाउंडेशन ऑफ इंडिया’सारख्या संस्था त्याआधीपासून तलावांवर काम करत होत्या.

देशाबाहेरही असे स्वयंसेवक आहेत. इंग्लंडमध्ये १९६४मध्ये स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग पुन्हा खुला झाला. तिथे हौशी लोकांबरोबर सैनिक आणि तुरुंगातले कैदीही राबले होते. पण तो कालवा होड्यांसाठी होता, तेव्हा तुलना बेतानेच करावी. आपल्याला अधिक जवळचे आहे ते स्पेनमधले ग्रनाडा. तिथल्या विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ २०१४पासून सिएरा नेवाडाच्या उतारांवरचे मध्ययुगीन पाट विद्यार्थी, स्वयंसेवक आणि गावकऱ्यांसह उकरून पुन्हा वाहते करतात. पाट वाहता झाला की तो परत शेतकऱ्यांच्या संघटनेकडे जातो. स्वयंसेवकाने निघून जायचे असते, हे त्यांनी ओळखले आहे.

नवख्याला इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुस्तकांत सापडत नाही. कालव्याचा गाळ शेपटाकडून तोंडाकडे काढत जावा, म्हणजे पाझरलेले पाणी आपोआप उतरते. उत्साहाने एकाच जागी खोल खणले की तिथे डबके होते आणि पुढच्या शेताला पाणी चढत नाही. वेडी बाभूळ मुळासकट काढावी. काठावरचे गवत मात्र सरसकट उपटू नये, बांधाची माती त्यानेच धरलेली असते. शनिवारी सकाळी हातमोजे घालून आलेली मंडळी प्लास्टिकच्या पोत्यांसह फोटो काढतात. त्यांची चेष्टा करणे सोपे आहे आणि मला ते आवडत नाही. त्यांना कालव्याचा उतार मोजायला कोणी शिकवत नाही, ही खरी तक्रार आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे सामायिक साधनसंपत्तीवरचे १९९०चे ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ हे पुस्तक वाचून या विषयात येणारे पुष्कळ आहेत. वाचावेच. पण पाणी न घेणारा माणूस कालवा का राखील, या प्रश्नाला त्यात तयार उत्तर नाही. तिथे आपल्याला आपली टिपणे काढावी लागतील, आणि त्यासाठी लेखागारापेक्षा काठावरचा माणूस अधिक कामाचा. पांझऱ्याकाठी जा, श्रीपेरुंबुदूरला जा. कोणाच्या घरातून किती जण येत, न आल्यास दंड काय, मेलेल्या गुराने पाट तुंबला तर ते कोणी ओढायचे, हे विचारा. शेवटचा प्रश्न टाळला जाईल. तो पुन्हा विचारा. आणि शक्यतो उन्हाळ्यात जा. तेव्हा तळ उघडा पडलेला असतो आणि पाटकऱ्याला बोलायला सवड असते.