सव्वा मुठीचा हिशेब

खान्देशाला समुद्र नाही, पण समुद्राकडे नेणारी नदी आहे. मुलताईहून निघालेली तापी जळगाव-धुळ्याच्या कपाशीच्या रानांतून सुरतेला जाते. १९०० च्या सुमारास तिच्या खोऱ्यातून सुरत ते अमळनेर रेल्वे आली आणि आमच्याकडची माणसं पोटामागे त्या रुळांवरून निघाली. आधी कापडगिरण्या, मग यंत्रमाग. लिंबायत, उधना भागांत आज अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. माणसांमागोमाग आमची देवी कानबाईही तिकडे गेली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांचंच पुढे जळगाव आणि धुळे झालं, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघालं. रविवार मात्र सगळीकडे तोच राहिला. घराला रंग लागतो, तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून निघतात. केळीच्या खांबांमध्ये चौरंगावर नारळाची कानबाई मांडतात. तिला डोळे, नथ, डोईवर पदर. रात्रभर बाया गाणी म्हणतात, फुगड्या घालतात. सोमवारी सकाळी सुवासिनी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात.

पाहुण्यांना दिसते ती ही मिरवणूक. माझ्या मते खरा सण त्याआधी, गहू मोजताना होऊन जातो.

अमळनेर तालुक्यातल्या माझ्या सासरी मोठ्या सासूबाई सुपापुढे बसायच्या. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडायचा. आधी म्हातारे, मग कर्ते, शेवटी त्या वर्षी जन्मलेला पोरगा. सुरतेला गेलेल्या दिरांचं नाव एकदा मी गाळलं, ते येणार नव्हते म्हणून. सासूबाईंनी हात थांबवला. ‘त्यासनी बी मूठ टाक वं,’ म्हणाल्या. माणूस कुठे का असेना, त्याची मूठ घरच्या सुपातच पडायची. त्या गव्हात हरभऱ्याची डाळ मिसळायची. चक्कीवाला चक्की धुवून-पुसून ठेवायचा आणि त्या दिवशी रोटांचंच, म्हणजे या नैवेद्याचंच, दळण घ्यायचा. त्याच पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर आणि गंगाफळाची भाजी. हे रोट भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बांधावरून वर्षभर न बोलणारे दोन भाऊ त्या पंगतीला शेजारी बसलेले मी पाहिलेत. गहू एकत्र दळला गेला की वेगळं ताट मागायला तोंड राहत नाही. आमच्या घरात कोण जन्मलं, कोण गेलं, कोण वेगळं निघालं याची वही कुणी ठेवली नाही. ती याद सासूबाईंच्या मुठीत होती.

आता सुरतेत आणि नाशकात सार्वजनिक कानबाई बसते. मोठमोठे मांडव पडतात, विसर्जनाला रस्ते भरतात. याला पर्यटनाची जोड द्या, असं अधूनमधून ऐकते. बाहेरच्या माणसाने आपलं काही पाहावं, याला माझी ना नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे चेतक महोत्सव सुरू झाला, पाहुण्यांसाठी तंबू आले. ते त्या यात्रेला शोभतंही, कारण घोड्यांचा बाजार परमुलखाच्या गिऱ्हाइकावरच जगत आला आहे. लांबून आलेला माणूस तिथे घोडा चालवून बघतो, दात तपासतो, भाव करतो. कानबाईचं तसं नाही. तिच्या पंगतीला परका बसत नाही आणि म्हणूनच आपला माणूस सुरतेहून रात्रीची गाडी धरून येतो. उद्या कुणी रोटांचं ताट तिकीट लावून वाढलं, तर गर्दी होईल, पण सव्वा मूठ कुणाच्या नावाने मोजायची?

बाहेरच्यांनी सोमवारी जरूर यावं, गाणी ऐकावीत, नदीपर्यंत चालावं. रोटात बदल करायचा तो आम्ही करू, आणि एक करायलाच हवा होता. सासूबाईंच्या हिशेबात लेकी-सुनांना मूठ नव्हती. पहाटे उठून रोट लाटणाऱ्या आम्ही, आणि मोजणीत आमचं नाव नाही, हे मला लग्न झाल्यापासून खुपत होतं. सासूबाईंच्या माघारी सूप माझ्याकडे आलं. पहिल्याच वर्षी मी लेकींच्या नावाने गहू टाकला, मग सुनांच्या. थोरल्या जाऊबाई नुसत्या बघत राहिल्या. मग पुढे सरकून त्यांनी स्वतःच्या नावाची मूठ स्वतःच भरली. त्या वर्षी दळण दुप्पट झालं आणि रोट संपवायला पौर्णिमेपर्यंतचे सगळे दिवस लागले.