जुन्या नाण्यावर नवा ठसा

भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत सगळ्यांना माहीत आहे. नाव नसेल तर कार्यात दिलेलं भांडं परत येईलच असं नाही! आमच्या गटांनी मिळून स्वयंपाकाची मोठी पातेली जुनी विकत घेतली, तेव्हा त्यांवर आधीच्या मालकाचं नाव होतं. त्यावर आम्ही गटाचं नाव घालून घेतलं. तरी पातेलं उन्हात तिरकं धरलं की खालचं नाव वाचता येतं. आज ज्या नाण्यांबद्दल बोलायचं आहे, त्यांचं अगदी असंच आहे.

ही नाणी प्राचीन ग्रीक लोकांची, कांशाची. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. ज्या कथलाची आपण भांड्यांना कल्हई लावायचो, तेच. नाणं पाडायची रीत साधी होती. एक ठसा ऐरणीत पक्का बसवायचा, त्यावर धातूची कोरी चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. चकतीच्या दोन्ही बाजूंना चित्रं उमटली की झालं नाणं. पण कधी कधी कोऱ्या चकतीऐवजी दुसऱ्याच कुणाचं तरी चालतं नाणं ठेवत आणि त्यावरच घण घालत. चकती ओतायचे कष्ट वाचत, धातूही शोधावा लागत नसे. घाव नीट बसला तर जुनं चित्र पुसलं जाई. जरा हलका बसला की कडेला जुन्या देवतेचं नाक, नाहीतर जुनी अक्षरं शिल्लक राहत.

यात एक खोच आहे. चांदीच्या नाण्याला निदान चांदीची किंमत असते. कांशाचं नाणं मात्र बरंचसं ज्याचा ठसा त्याच्या शब्दावर चालतं, जशी आपली शंभराची नोट कागदाची असून चालते. म्हणजे ठसा कोण मारतो, ही साधी गोष्ट नव्हे.

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचं मोठं बेट आहे. तिथे ग्रीकांची बरीच नगरं होती आणि त्यांत सगळ्यांत बलाढ्य सिराक्यूज. इ.स.पूर्व ४०५ ते ३६७ या काळात तिथे डायोनिसियस नावाचा हुकूमशहा होता. लढायांचा भारी शौक, त्यामुळे पैशाची कायम चणचण. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या एका जुन्या ग्रंथात त्याची एक युक्ती सांगितली आहे. ती आपल्यासारख्या कर्जाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बायकांनी ऐकावीच.

त्याने प्रजेकडून कर्ज घेतलं, परत देईन म्हणाला. लोक मागायला लागले, तेव्हा हुकूम काढला : ज्याच्याकडे जेवढी नाणी असतील तेवढी आणून द्या, लपवाल तर मरणाची शिक्षा. लोकांनी आणून दिली. त्याने प्रत्येक नाण्यावर नवा ठसा मारला आणि जाहीर केलं की आता एका द्राख्माचे दोन झाले. द्राख्मा म्हणजे त्यांचं नाणं. मग जुनं कर्जही फेडलं आणि आणून घेतलेला पैसाही परत केला.

आता हिशोब मांडून बघा. एखाद्याने राजाला १०० दिले होते आणि हुकमानंतर घरातले आणखी १०० आणून दिले. राजाकडे त्याचे २०० देणं झालं. पण आणलेल्या १०० नाण्यांवर ठसा मारून राजाने त्यांनाच २०० म्हटलं आणि तीच परत केली. रजिस्टरात खातं चोख बंद. हातात मात्र त्याचीच १०० नाणी! पहिले १०० गेले ते गेलेच. आमच्या एका बैठकीत ही गोष्ट सांगितली तर मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, "मेल्यानं सही घेतली असेल वर."

पुढे सिराक्यूजची सत्ता डळमळली. इ.स.पूर्व ३४४ मध्ये ग्रीसमधल्या कॉरिंथ नगरातून तिमोलिऑन नावाचा सेनापती आला. त्याने हुकूमशहांना हटवलं आणि बेटावरची लहान गावं मोकळी झाली. सिराक्यूजचं एक जाडजूड कांशाचं नाणं तेव्हा सगळीकडे फिरत होतं. वजन साधारण ३० ग्रॅम, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या चार नाण्यांएवढं. एका बाजूला अथेना देवीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला दोन डॉल्फिन माशांमध्ये तारामासा. एड्रानॉन, हर्बेसॉस, केंटोरिपाय अशा लहान गावांनी हीच नाणी घेतली आणि त्यांवर आपापले ठसे मारले. केंटोरिपायने एका बाजूला पर्सेफनी देवी आणि दुसऱ्या बाजूला बिबट्या उमटवला. काही नाण्यांवर बिबट्याच्या आसपास आजही जुन्या चित्राच्या खुणा दिसतात. एकेकाळी ज्या नगराच्या धाकात राहिलो, त्याच्याच नाण्यावर आपलं नाव घालताना त्या गावकऱ्यांना काय वाटलं असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो.

इतिहास शोधणाऱ्यांना अशी नाणी फार उपयोगी पडतात. त्या काळच्या नाण्यांवर सहसा साल नसतं. पण वरचा ठसा नंतरचा आणि खालचा आधीचा, एवढं तर नक्की कळतं. आपल्या रजिस्टरात आकडा चुकला तर तो गिरवायचा नाही, एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा, असं प्रशिक्षणात सांगतात ते याचसाठी. आधी काय होतं ते दिसलं पाहिजे.

ही रीत आपल्याकडेही होती बरं का. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त. ती क्षत्रप राजा नहपानाची नाणी. एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याभोवती चक्क ग्रीक अक्षरं, कारण आपल्या वायव्येला ग्रीक राजे होऊन गेले होते आणि त्यांच्या नाण्यांचं वळण इथवर पोचलं होतं. नहपानाला हरवलं गौतमीपुत्र सातकर्णीने. त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. आपल्या लेकाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश उखडला असं त्यात म्हटलं आहे. लेकाने मात्र नाणी वितळवली नाहीत. नहपानाच्या चेहऱ्यावरच कमानींच्या डोंगराचा ठसा मारला आणि भोवती आपलं नाव घातलं, आईच्या नावासकट.

जोगलटेंभीच्या साठ्यात असा ठसा मारलेली नाणी ९ हजारांहून जास्त आहेत. उरलेली काही हजार तशीच, नहपानाच्या कोऱ्या चेहऱ्याची. डाळीच्या डब्यात आपण नव्या-जुन्या नोटा एकत्र ठेवतो, तशी ही दोन्ही एकाच ठिकाणी ठेवलेली होती.