डॉ. जेरुशा झिराड : बाळंतिणींचे जीव वाचावेत म्हणून झटलेल्या मराठी ज्यू डॉक्टर

एरंडोल : घरात बाळंतपण जवळ आलं की आता गावात आशाताई चकरा मारतात, १०२ नंबरची गाडी येते, दवाखान्यात बाळंतपण मोफत होतं. शंभर वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. बाळंतपणात बाई गेली तर 'नशीब' म्हणून विषय संपायचा. तो विषय संपू न देणाऱ्या डॉक्टर म्हणजे डॉ. जेरुशा झिराड.

मराठी बोलणारे ज्यू

जेरुशा यांचा जन्म १८९० साली शिमोगा (आताचं कर्नाटक) इथे झाला. कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचं. या समाजाची मातृभाषा मराठी. पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी काम बंद ठेवायचं, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून पडली. झिराड हे अलिबाग तालुक्यातलंच गाव.

अकराव्या वर्षी ठरलं

जेरुशा ११ वर्षांच्या असताना त्यांची मोठी बहीण खूप आजारी पडली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये डॉ. बेन्सन या बाईंनी तिला वाचवलं. कामा हे खास बायकांसाठी १८८६ मध्ये सुरू झालेलं हॉस्पिटल. आपणही डॉक्टर व्हायचं, हे जेरुशा यांनी तेव्हाच ठरवलं.

पुण्यात शाळा आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी झाली. १९१२ साली पदवी मिळाली. पुढचं शिक्षण लंडनला घ्यायचं होतं, पण सरकारी शिष्यवृत्ती मुलींना मिळत नव्हती. मग टाटांच्या निधीतून कर्ज काढून त्या गेल्या. पुढे सरकारलाही त्यांना शिष्यवृत्ती द्यावी लागली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. १९१९ मध्ये त्या स्त्रीरोग व प्रसूतीशास्त्रात लंडनच्या एम.डी. झाल्या.

ज्या हॉस्पिटलात बहीण वाचली, तिथेच प्रमुख

बंगळूरच्या प्रसूती रुग्णालयात काही वर्षं काम करून त्या मुंबईला आल्या. १९२८ मध्ये कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. या पदावरच्या त्या पहिल्या भारतीय. १९४७ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली.

मृत्यूचं कारण शोधलं

१९३७-३८ च्या सुमारास त्यांनी मुंबईत बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंची चौकशी हाती घेतली. कोणती बाई का गेली, ती वाचू शकली असती का, हे तपासलं. त्याचा अहवाल १९४१ मध्ये छापला गेला. याच काळात, १९३७-३८ मध्ये, मुंबईचे महापौरही बेने इस्राएल समाजाचेच होते, डॉ. ई. मोझेस. महालक्ष्मी-वरळी भागातला डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा.

समाजकारणातही जेरुशाबाई मागे नव्हत्या. १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. देशातल्या महिला डॉक्टरांच्या संघटनेचं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आज आपल्या तालुक्यात काय?

त्या वेळी एका डॉक्टरने हाती घेतलेलं काम आज सरकारी नियम झालं आहे. प्रत्येक मातामृत्यूची नोंद आणि कारणांची चौकशी करावी लागते. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू होत होता. तेव्हा देशाचा आकडा ९७ होता.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि घरून ने-आण मोफत आहे. गरोदरपणाची नोंद लवकर करा. अंगावरून रक्त जाणं, पाया-तोंडावर सूज, जोरात डोकं दुखणं किंवा झटके आले तर सकाळची वाट बघू नका. १०२ किंवा १०८ ला लगेच फोन लावा.