खंडेराव मार्केट : देणगी आणि दायित्व

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यकारभारास २५ वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने १९०६ मध्ये खंडेराव मार्केटची भव्य वास्तू उभी राहिली. जमनाबाईसाहेबांनी १८७५ मध्ये सयाजीरावांना दत्तक घेतले. त्यांचे दिवंगत पती खंडेराव महाराज यांचे नाव तिला लाभले. भाजीबाजाराला राजवाड्याचे रूप देणारा हा राजा होता. कमाटीबाग त्याने १८७९ मध्ये रयतेला दिली, १९१० पासून गावोगावी ग्रंथालये नेली.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि देणारा हात गेला. मार्केटच्या वास्तूत महापालिकेचा कारभार आला. मागे भाजी-फुलांचा बाजार भरतच राहिला. आता जपण्याचे काम नागरिकांकडे आले. बडोदेकर वारसाप्रेमींच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २००४ मध्ये चांपानेर-पावागढ जागतिक वारसास्थळ ठरले. विश्वामित्री नदीसाठी नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. २०२१ मध्ये नदीक्षेत्र जपण्याचे आदेश झाले.

महाराजांनी वास्तू दिल्या, तशी वाचनाची सवयही दिली. नगररचनेचा आराखडा वाचून त्यावर हरकत नोंदविणारा नागरिक हे त्याच सवयीचे फळ होय. वास्तू दान मिळू शकते; तिची राखण मात्र ज्याची त्यानेच करावयाची असते.