गाडी चुकली तर काय बुडतं? कर्जत-खोपोलीकडून स्मार्टवॉचला एक प्रश्न

आजचा विषय तुमच्या मनगटावर आहे. किंवा मनगटावर होता आणि आता टेबलाच्या खणात पडलाय. स्मार्टवॉच.

तीन-चार वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, "साधी माणसं हे वापरतील का हो?" तर लोक हसले असते. दीड-दोन हजारांत घड्याळ मिळत होतं. नॉइज, बोट, फायर-बोल्ट ही नावं कॉलेजच्या पोरांच्या तोंडी होती. २०२२ मध्ये एका तिमाहीत भारताने नगांच्या हिशेबात उत्तर अमेरिकेलाही मागे टाकलं. आयडीसी ही बाजाराचे आकडे मोजणारी संस्था आहे. तिच्या हिशेबाप्रमाणे २०२३ मध्ये आपल्या देशात ५ कोटींहून जास्त स्मार्टवॉच बाजारात आली. २०२४ मध्ये तोच आकडा साडेतीन कोटींवर आला. एका वर्षात एक तृतीयांश धंदा गेला!

मग पुन्हा जुना वाद सुरू. एक बाजू म्हणते, हे फॅड होतं, संपलं. रोज चार्जिंगला लावायचं कुणी? खिशात फोन आहेच की! दुसरी बाजू म्हणते, थांबा, मोबाइललाही लोक असंच म्हणत होते.

मला वाटतं, दोन्ही बाजू चुकीच्या जागी उत्तर शोधतायत. घड्याळ माणसाच्या अंगाला कसं चिकटतं, हे बघायला आपल्याकडे एक चांगली जागा आहे. कर्जत आणि खालापूर. घाटाच्या पायथ्याचे, रेल्वेलाइनवरचे हे दोन तालुके. इथे घड्याळ एकदा आलं, पिढ्यान् पिढ्या टिकलं आणि मग मनगटावरून उतरलंही. ते का आलं आणि का उतरलं, एवढं कळलं तर स्मार्टवॉचचं भविष्य सांगायला ज्योतिषी नको.

घाटाखाली वेळ आली

रेल्वेच्या आधी इथे वेळ नव्हती असं नाही. लग्नाचा मुहूर्त गाठायला घटिकापात्र होतं. पाण्यात तरंगणारी, बुडाला बारीक भोक असलेली वाटी. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. बाकी दिवसभर सूर्य होता, प्रहर होते, कोंबडा होता. शेतावर पाच मिनिटं उशीर झाला म्हणून भात काही रागावत नाही.

१६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी धावली, हे आपण शाळेत पाठ केलंय. त्यानंतर तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ कर्जतवरून खोपोलीला पोचले. इंग्रजांच्या कागदांत तिचं नाव 'कॅम्पूली'. तिथे रूळ संपले, कारण समोर बोरघाट उभा होता. १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा-पुणे लाइन सुरू झाली. म्हणजे मधला घाट सोडून दोन्हीकडे रेल्वे! पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायचा.

आता त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. खालची गाडी वेळेवर आली, पण घाट चढायला उशीर झाला तर? वरची गाडी थांबणार नाही. या भागात मिनिटाला किंमत आली ती तेव्हा. १८६३ मध्ये घाटातून रूळ गेले. त्या कामात हजारो मजूर राबले, कित्येक मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. घाट चढायला गाडीला जादा इंजिन लागायचं, मध्ये उलट दिशेने जायचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. अशा लाइनवर गार्ड, ड्रायव्हर आणि स्टेशन मास्तर यांच्यासाठी घड्याळ म्हणजे कामाचं हत्यार. ते चुकलं तर प्रश्न जिवाचा.

कर्जतची दोन घड्याळं

पण गाडीची वेळ म्हणजे कुणाची वेळ? इथे गंमत आहे.

१८७० च्या सुमारास देशभरातल्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रास पूर्वेला, तिथे सूर्य आधी उगवतो. मद्रास आणि मुंबई यांच्या स्थानिक वेळेत ३० मिनिटांचा फरक, आणि कर्जत मुंबईपेक्षा जरा पूर्वेला असल्याने इथे तो साधारण २८ मिनिटांचा. म्हणजे डोक्यावरच्या सूर्याप्रमाणे कर्जतला बारा वाजायचे, तेव्हा रेल्वेच्या हिशेबाने १२ वाजून २८ मिनिटं झालेली असायची. सूर्य बघून स्टेशनवर जाणाऱ्याची गाडी गेलेलीच!

१ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. मुंबईत चिडचिड झाली. महापालिकेने आपली घड्याळं 'मुंबई टाइम'वरच ठेवली, आणि ती तशी राहिली थेट १९५५ पर्यंत. त्याच जानेवारीत काही गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं, खिडक्यांवर दगड मारले. त्यांचं दुखणं सोपं होतं. काटा पुढे सरकला की अंधारात उठायचं त्यांनी, आणि काटा सरकवणारा दुसराच कुणीतरी.

रेल्वे मात्र नव्या वेळेवर धावत होती. त्यामुळे १९५५ पर्यंत कर्जतहून मुंबईला जाणारा माणूस एका वेळेवर गाडीत बसायचा आणि शहरात महापालिकेच्या घड्याळात दुसरीच वेळ बघायचा. दोन वेळांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला स्वतःजवळ एक घड्याळ असलेलं बरं, हे सांगायला जाहिरात लागत नाही.

मनगटावर बांधू की नको?

मनगटी घड्याळावरही एकदा हाच वाद झालाय. पहिल्या महायुद्धाआधी पुरुषाचं घड्याळ म्हणजे खिशातलं, साखळीचं. मनगटावर बांधायचं ते बायकांचा दागिना म्हणून. 'खिशात घड्याळ असताना हातावर कशाला?' असा प्रश्न तेव्हा होता. आज शब्द तेच आहेत, फक्त घड्याळाच्या जागी फोन आलाय.

त्या वादाचा निकाल दुकानात लागला नाही, खंदकात लागला. एका हातात बंदूक, ठरल्या मिनिटाला हल्ला, खिशात हात घालायला सवड कुठे? महायुद्ध संपेपर्यंत मनगटी घड्याळ पुरुषी झालं होतं.

आपल्या भागातही कारणं वाढत गेली. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून तयार केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढे खोपोली-खालापुरात कारखाने आले. भोंगा आला, पहिली-दुसरी-तिसरी पाळी आली. उशीर झाला की पगार कापला जाणार. शिवाय मनगटावर स्वतःचं घड्याळ असलं की गेटवरच्या घड्याळाशी ताडून बघता येतं. मुकादम म्हणतो म्हणून उशीर, असं राहत नाही.

आणि मग १९६१ मध्ये बंगलोरला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने, एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. जनता, पायलट, सोना, कांचन ही मॉडेलं तुमच्या आजोबांना विचारा. जावयाला घड्याळ, पहिल्या पगाराचं घड्याळ, रिटायर होताना घड्याळ.

आता इथे नीट ऐका. एचएमटी जनताला रोज किल्ली द्यावी लागायची. रोज! विसरलात की दुसऱ्या दिवशी बंद. म्हणजे 'रोज चार्ज करावं लागतं म्हणून स्मार्टवॉच चालणार नाही' हा मुद्दा इतिहासात टिकत नाही. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षं रोज घड्याळ 'चार्ज' केलं, न कुरकुरता. कारण किल्ली विसरली तर ६:४० ची गाडी चुकणार होती. हजेरी बुडणार होती.

माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. घड्याळ बंद पडलं तर तुमचं काय बुडतं? काही बुडत असेल तर माणूस किल्लीही देतो, चार्जिंगही करतो, स्टेशनबाहेरच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे डोळ्याला भिंग लावलेल्या माणसासमोर अर्धा तास उभाही राहतो. काहीच बुडत नसेल तर सगळ्यात हुशार घड्याळही खणात जातं.

मनगट रिकामं झालं

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९६९ च्या नाताळात जपानच्या सायकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. आपल्याकडे १९८७ मध्ये टायटन आली, क्वार्ट्झ घेऊन. एचएमटी किल्लीच्या घड्याळांवर फार काळ रेंगाळली आणि २०१६ मध्ये तिचा घड्याळांचा धंदा बंद करायचा सरकारी निर्णय झाला. मधल्या काळात मोबाइल आला. त्याच्यात वेळ, अलार्म, शिवाय गाडी कुठवर आलीय हेसुद्धा दिसायला लागलं. घड्याळ नसेल तर बुडणारं जे होतं, ते सगळं फोनने सांभाळलं. मनगट रिकामं झालं.

त्याच रिकाम्या मनगटावर स्मार्टवॉच आलं. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये बातम्या आणि हवामान दाखवणारी घड्याळं आणून पाहिली, चार वर्षांत ती गुंडाळली. २०१२ मध्ये पेबलने लोकवर्गणीतून १ कोटी डॉलर जमवले, २०१६ मध्ये पेबल संपली. २०१५ मध्ये अ‍ॅपल वॉच आलं. सुरुवातीला फॅशनचं म्हणून मिरवलं, पण पुढे टिकलं ते आरोग्य आणि व्यायामाच्या जोरावर. २०१८ मध्ये त्यात ईसीजी आला. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या माणसाचं घड्याळ चार्ज नसेल तर काहीतरी बुडू शकतं. अ‍ॅपलला तिची '६:४० ची गाडी' सापडली.

आपल्या दीड हजारांच्या घड्याळांचं काय? त्यांतल्या काहींचे आकडे किती खरे, हा प्रश्नच आहे. घड्याळ केळ्याला बांधलं तरी ठोके दाखवतं, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मागे हिरवा दिवा आहे, त्याचा उजेड परत किती आला हे मोजून गणित होतं. समोर मनगट आहे की केळं, हे प्रत्येक स्वस्त घड्याळाला कळतंच असं नाही. अशा आकड्यावर कुणी डॉक्टरकडे जात नाही, आणि जाऊ नये. म्हणजे तो आकडा नसला तरी काही बुडत नाही. दुसरं म्हणजे, एचएमटीची स्प्रिंग गेली तर बाजारात बदलून मिळायची. इथे दोन-तीन वर्षांत बॅटरी मेली की घड्याळ मेलं. दुरुस्तीवाला ते उघडत नाही, कारण दुरुस्तीपेक्षा नवं स्वस्त. आणि तेच नवं घ्यायला पहिल्यातून काही मिळालं नव्हतं. २०२४ चा आकडा का पडला, याचं मला पटणारं उत्तर हे आहे.

मग चालणार का?

काहींसाठी चालेल. शेवटची कर्जत लोकल पकडून दारात उभं राहणाऱ्याला विचारा. फोन हातात धरला की फटका गँगची भीती. घरून आलेला फोन मनगटावर कळला तर खिशात हात घालायला नको. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी असं करत खोपोलीला जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्याला एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी तासभर किंवा त्याहून जास्त बसावं लागतं. त्याच्या मनगटाला वेळेवर बसलेला एक झटका कामाचा आहे. धावणाऱ्याला, हृदयाच्या रुग्णाला, रात्रपाळीला झोपलेल्या घरात कुणाला न उठवता उठणाऱ्याला कामाचा आहे. अशी माणसं कमी नाहीत. पण त्यांना शंभर रंगांच्या डायल आणि गेम नकोत. त्यांना खरा आकडा हवा, आठवडाभर चालणारी बॅटरी हवी आणि ती बदलून देणारा माणूस हवा.

बाकीच्यांसाठी ते मोबाइलचं शेपूट राहील, आणि सेल लागला की पुन्हा विकलं जाईल.

तुम्ही विकत घ्यायच्या बेतात असाल तर माझा सल्ला एवढाच. फीचरची यादी बाजूला ठेवा. हे दोन दिवस बंद राहिलं तर माझं काय अडेल, हे एका वाक्यात स्वतःला सांगता येतंय का बघा. येत असेल तर घ्या, आणि बॅटरी बदलून मिळते का ते दुकानदाराला आधी विचारा. येत नसेल तर घरातल्या कपाटात हात घाला. एखादं एचएमटी सापडेल, तिला किल्ली द्या. चांगल्या दुरुस्तीवाल्याच्या हाताखालून गेलेली असेल, तर ती बहुतेक चालू होईल.