डोहातलं बियाणं



चैत्र लागला की आमच्या मुळशीत नदी बारीक होते. ओढ्यांचे दगड उघडे पडतात, पावसाळ्यात जिथून माणूस वाहून जाईल तिथून शेळ्या कोरड्या पायांनी पलीकडे जातात. पाणी उरतं ते डोहांत. आणि पाणी डोहात म्हणजे मासाही डोहात. चार-पाच महिने लांबवर पसरलेला सगळा मासा एका खड्ड्यात गोळा झालेला असतो. त्यामुळे मासे धरायला याच्याइतके सोपे दिवस नाहीत. आणि माशाला याच्याइतके अवघड दिवस नाहीत.

गेल्या वर्षी पाडव्यानंतर आमच्या एका गटाची बैठक होती. एक ताई उशिरा आली. हातातल्या पातेल्यात मासे होते. म्हणाली, "घ्या गं, फुकट आहेत. डोह सगळा पांढरा झालाय." पोरांनी रात्री डोहात ब्लीचिंग पावडर टाकली होती. पातेल्यात बघितलं तर वाम होती, मरळ होती, आणि खाली बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती, शंभरेक तरी. ती कोणी खाणार नव्हतं. आम्ही सगळ्या गप्प बसलो. कारण ती पोरं परकी नव्हती. आमच्यातल्याच कोणाचा पुतण्या, कोणाचा मुलगा.

मग आमच्या गटातली सगळ्यात वयस्कर आजी म्हणाली, "कणगीतलं बियाण्याचं भात कोणी कांडून खातं का गं?"

तेव्हापासून मी आपल्या नद्यांच्या माशांविषयी मिळेल ते वाचत आले. आज तेच तुम्हाला सांगणार आहे.

दोनशे वर्षांपूर्वी विल्यम हेन्री साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी आपल्या भागात होता. १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची माहिती गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. शेती किती, माणसं किती, पक्षी कुठले, मासे कुठले. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांची माहिती लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्यात एक मासा होता, पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला. त्याला त्याने शास्त्रातलं नाव दिलं 'खुद्री'. आज आपण त्याला महाशीर म्हणतो. मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा, वाहत्या पाण्याचा मासा. जगातले शास्त्रज्ञ अजूनही त्याला खुद्रीच म्हणतात.

हे एकच नाव नाही. कोळस, नुक्ता, शिंगटी, शिंगाळा ही नावंही साइक्सने तशीच घेतली आणि ती शास्त्रात राहिली. आता विचार करा, त्या साहेबाला ही नावं कोणी सांगितली असतील? ज्यांचं रोजचं काम नदीवर होतं त्यांनीच. मासे धरणाऱ्यांनी आणि ते बाजारात विकणाऱ्यांनी. त्यांची स्वतःची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पण त्यांच्या तोंडचे शब्द जगभरच्या पुस्तकांत आहेत. आपल्याला वाटतं, आपल्याला काय कळतं. मैत्रिणींनो, जे कळत होतं त्यावरच पुढचं शास्त्र उभं राहिलं.

त्या काळी मुळा आणि निळा या दोन नद्या मोकळ्या वाहत होत्या. माशाचं वर्ष कसं असतं ते तुम्हाला माहीत आहेच. उन्हाळा डोहात काढायचा. मृगाचा पाऊस आला, पाणी गढूळ होऊन चढलं, की पोटात गाभोळी घेऊन वरच्या अंगाला निघायचं. यालाच आपण चढणीचे मासे म्हणतो. काही मासे भातखाचरापर्यंत येतात. महाशीर मात्र वरच्या नदीत जाते, जिथे तळाला वाळू आणि गोटे असतात आणि पाणी स्वच्छ, खळाळतं असतं. तिथे ती अंडी घालते. पाऊस ओसरला की मोठे मासे आणि पिल्लं खाली येतात, आणि उन्हाळ्यात पुन्हा डोह.

म्हणजे चैत्र-वैशाखात डोहात जो मासा जिवंत राहतो, तोच पावसाळ्यात अंडी घालतो. त्यालाच आजी बियाणं म्हणाली.

मग आलं धरण. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने लोणावळ्याकडे आधी धरणं बांधली होती, १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली होती. त्यानंतर त्यांनी मुळा आणि निळेच्या संगमाची जागा निवडली. पन्नासच्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती, आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे. या लढ्यातूनच बापटांना लोक सेनापती म्हणू लागले. बायकाही त्यात होत्या. कामावर जाऊन बसल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. दिवस चैत्राचेच होते. तीन-साडेतीन वर्षं लढून लोक हरले. धरण झालं आणि १९२७ मध्ये कोकणात भिरा इथे वीज तयार होऊ लागली.

या लढ्याबद्दल आपण जमिनीचं बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण नदीचंही काहीतरी गेलं. जे पाणी मुळेतून पुण्याकडे आणि पुढे भीमेला जायचं, त्यातलं बरंच बोगद्यातून सह्याद्री ओलांडून पश्चिमेला उतरू लागलं. आणि नदीच्या मधोमध भिंत आली. माशाला त्या भिंतीवरून चढता येत नाही. खालचा मासा खाली राहिला, वरचा वर.

धरणाच्या तलावात पुढे वेगळे मासे आले. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन माशांकडून अंडी घालून घेण्यात यश मिळवलं. म्हणून १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिवस असतो. त्यामुळे माशाचं बी नदीत शोधत फिरायची गरज उरली नाही, ते केंद्रात तयार होऊ लागलं. देशभर तळ्यांत मासे वाढले, कितीतरी घरांना पैसा मिळाला. १९५२ मध्ये परदेशी चिलापी भारतात आणली गेली, तीही आज जिथे पाहावी तिथे आहे. बाजारात आपण जो मासा घेतो तो बहुतेक या दोन वाटांनी आलेला.

महाशीरचं काय झालं? ती कमी होत गेली. १९७०च्या सुमाराला टाटांच्याच कंपनीने लोणावळ्याला वळवण तलावाजवळ महाशीरचं बी तयार करायला सुरुवात केली. मत्स्य खात्याचे माजी संचालक सी. व्ही. कुलकर्णी यांचा त्या कामात मोठा वाटा होता. ते काम गाजलं. लाखो पिल्लं तयार झाली आणि वेगवेगळ्या राज्यांत पाठवली गेली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, प्रश्न सुटला.

पण पुढची गोष्ट ऐका. इथली महाशीर दक्षिणेत कावेरी नदीत सोडली गेली. तिथे ती चांगली वाढली. मात्र कावेरीत तिथली स्वतःची एक महाशीर होती, पाठीवर कुबड असलेली, जगात इतर कुठे न मिळणारी. ती मागे पडत गेली. २०१८ मध्ये तिची नोंद जगातल्या अत्यंत धोक्यातल्या प्राण्यांत झाली. तिच्यावर इतरही संकटं होती, पण बाहेरून आणलेली महाशीर हे त्यातलं मोठं कारण मानलं जातं. चांगल्या मनाने केलेलं काम होतं. तरी एका नदीचं बी दुसऱ्या नदीला चाललं नाही.

म्हणून कोणी म्हणालं, "डोह गेला तर काय झालं, बी विकत आणून सोडू," तर ही गोष्ट आठवा. कटल्याचं बी विकत मिळतं. पण आपल्या ओढ्यातली मुरी, शिंगटी, वाम ही कुठल्या दुकानात मिळणार?

जुन्या लोकांनी यावर उपाय केलेला होता. डोंगरावर जशी देवराई, तसा पाण्यात देवाचा डोह. महाडजवळ वाळण कोंड आहे. तिथले महाशीर देवीचे मासे म्हणून कोणी धरत नाही. लोक खायला टाकतात, मासे काठाशी येतात. देवाच्या नावाने म्हणा, पण तेवढ्या पाण्यात बियाणं राखलं गेलं.

आणि कायदाही जुनाच आहे. पाण्यात विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारणं हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. म्हणजे पावडर टाकणं हे काही "पोरं करतात, चालायचंच" एवढं साधं नाही. त्याच डोहावर गुरं पाणी पितात, आपण कपडे धुतो, हेही लक्षात घ्या.

आता आमच्या बैठकीचं सांगते. आजी बोलल्यावर कोणीतरी म्हणालं, उन्हाळाभर डोहावर मासे धरायचेच नाहीत असा ठराव करू. त्यावर आमच्या गटातली एक कातकरी ताई उठली. म्हणाली, "पावडर टाकली कोणी आणि बंदी कोणावर? उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरं काय असतं? आम्ही गळाने चार मासे आणतो, त्याने डोह रिकामा होतो का?" तिचं खरं होतं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या विजेसाठी कोणीतरी मावळातल्या लोकांना असंच न विचारता ठरवलं होतं. आपण तसंच करायचं का?

मग बराच वेळ बोलून तीन गोष्टी ठरल्या. पहिली, विष, पावडर, सुरुंग, बॅटरीचा करंट, यातलं काही कोणीही करायचं नाही, आणि ज्याच्या घरातलं पोर करेल त्या घरच्या बाईनेच आधी बोलायचं. दुसरी, गळाने खाण्यापुरतं धरणाऱ्यांना कोणी अडवायचं नाही, पण सगळ्यात खोल असलेला एक डोह पाऊस लागेपर्यंत तसाच ठेवायचा. तो कुठला, हे त्या कातकरी ताईनेच दाखवायचं, कारण तिच्याइतकं पाणी कोणाला ठाऊक नाही. तिसरी, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोकांची नोंदवही असते, तिच्यात आपल्या ओढ्यातल्या माशांची नावं लिहून घ्यायची. आम्ही बसलो, तर एका दुपारी सतरा नावं निघाली. त्यातली निम्मी मला ठाऊक नव्हती, आणि मी इथलीच, बी.ए. झालेली.

पहिली गोष्ट सगळ्यात अवघड गेली. ठराव करणं सोपं, आपल्याच पुतण्याला चुलीपुढे बसवून बोलणं अवघड. ज्या ताईने पातेलं आणलं होतं, तिनेच ते पहिल्यांदा केलं. दोन दिवस घरात कोणी तिच्याशी बोललं नाही.

तुमच्याही गावात नदी असेल, ओढा असेल, निदान एखादा पाझर तलाव असेल. या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, लहानपणी कुठले मासे दिसायचे, आता कुठले दिसत नाहीत. वहीत लिहून ठेवा.

यंदाच्या चैत्रात आमचा तो डोह अजून तरी निवळ आहे. परवा मी काठावर उभी होते, सावली पडली तशी तळाला काहीतरी मोठं हललं. काय होतं ते कळलं नाही. वैशाख जायचा आहे अजून. मृगापर्यंत आम्ही लक्ष ठेवून आहोत.